अथेन्सची लोकशाही वल्ह्यावर चालायची का?

अर्धा कप चहा

राम राम मंडळी. ग्रीस म्हटलं की आपल्याकडे तीनच गोष्टी निघतात, सॉक्रेटिसचा विषाचा प्याला, ते तीनशे स्पार्टन आणि सिकंदर. तिन्ही भारी आहेत, वाद नाही. पण गेले दोन महिने लोकलमध्ये रोज पाचसात पानं असं करत करत थुसिडिडीस (त्या काळचा ग्रीक इतिहासकार) संपवला आणि डोक्यात भलतंच बसलंय, ते म्हणजे वल्हं. हो, होडीचं वल्हं. (तारखा सगळ्या इ.स.पू. समजा, दरवेळी टायपायचा कंटाळा आलाय.)

गोष्ट सुरू होते चांदीपासून. ४८३ च्या सुमारास अथेन्सच्या दक्षिणेला लॉरिऑनच्या खाणीत चांदीचं घबाड लागलं. सभेत ठराव आला की माणशी १० द्राख्मा (चांदीची नाणी) वाटून टाकू. थेमिस्टोक्लिस नावाचा पुढारी उभा राहिला आणि म्हणाला वाटू नका, जहाजं बांधा. आणि बेरकी माणूस बघा, त्याने इराणची भीती घातलीच नाही, इराण लांब होता, त्याने नाव घेतलं समोरच्या एजिना बेटाचं, ज्यांच्याशी रोजची खुन्नस होती. लोकांनी चक्क हातात येणारे पैसे सोडले. इतिहासकार हेरोडोटस २०० जहाजं म्हणतो, कुणी १०० म्हणतं, पण ४८० साली इराणचा राजा झर्क्सिस खरंच चालून आला तेव्हा सलामिसच्या चिंचोळ्या पाण्यात अथेन्सची १८० जहाजं उभी होती, बाकी सगळ्या ग्रीकांची मिळून जवळपास तेवढीच. आणि ग्रीक जिंकले.

आता ही जहाजं म्हणजे ट्रायरीम. लांबी साधारण ३७ मीटर, रुंदी जेमतेम पाचसहा, नाळेला पाण्याच्या पातळीत ब्राँझची टोकदार धडक. हत्यार म्हणजे जहाजच, वेगात जाऊन समोरच्याच्या कुशीत घुसायचं, भोक पाडायचं आणि तितक्याच वेगाने मागे यायचं. आणि हा वेग शिडाने येत नाही, लढाईच्या वेळी शीड-डोलकाठी किनाऱ्यावर ठेवून यायचे. वेग येतो १७० माणसांच्या खांद्यातून, तीन मजल्यांवर बसलेले, वरच्या ओळीत ६२, मधल्या ५४ आणि सगळ्यात खाली ५४. एका माणसाला एक वल्हं. सिनेमात दाखवतात तसे साखळीने बांधलेले आणि चाबूक खाणारे गुलाम इथे नव्हते, हे पगारी लोक होते, स्वतःचं वल्हं आणि बसायची उशी काखोटीला मारून जहाजावर चढणारे.

आणि हे होते कोण? सोलोन या जुन्या कायदेकर्त्याने उत्पन्नावरून नागरिकांचे चार वर्ग केले होते, त्यातला शेवटचा म्हणजे थीट. जमीन नाही किंवा नावापुरती, मोलमजुरी करणारे. पायदळात लढायचं तर ढाल, भाला, शिरस्त्राण स्वतःच्या पैशाने घ्यावं लागे, यांना ते परवडायचं नाही. म्हणजे लढाईत किंमत नाही आणि म्हणून सभेतही आवाज बारीक. वल्ह्याला मात्र काही विकत घ्यावं लागत नाही, दोन हात पुरतात. सलामिसनंतर शहराचा जीव, शहराचं धान्य आणि पुढे शहराचं साम्राज्य, सगळं याच माणसांच्या तळहातावरच्या घट्ट्यांवर उभं राहिलं. मग ते म्हणायला लागले की आम्हाला पण विचारा.

हे माझ्या मनचं नाही. त्या काळातल्या एका लोकशाहीद्वेष्ट्या लेखकाचं छोटं पुस्तक शिल्लक आहे, नाव माहीत नाही म्हणून त्याला 'म्हातारा उमराव' म्हणतात. तो दात ओठ खात कबूल करतो की गरिबांना इथे जास्त मिळतं हे बरोबरच आहे कारण जहाजं तेच हाकतात. नंतरचा चरित्रकार प्लुटार्क तर सांगतो की प्निक्स टेकडीवर जिथे सभा भरायची तिथला वक्त्याचा कट्टा समुद्राकडे तोंड करून होता, आणि ४०४ मध्ये तीस हुकूमशहा आले तेव्हा त्यांनी तो फिरवून जमिनीकडे केला. त्यांचं म्हणणं होतं की लोकशाही समुद्रातून जन्मते, शेतकरी आपल्याला तेवढा त्रास देणार नाहीत. कट्टा फिरवला म्हणे!

तर काथ्याकूट करायचा आहे तो असा, की लढायच्या पद्धतीवरून राज्य कुणाचं हे ठरतं का? हाणा.

बोरकूट

पहिला! आधी जागा पकडतो, मग वाचतो.

बोरकूट

वाचलं. माणशी १० द्राख्मा खात्यात जमा होणार होते आणि लोक नको म्हणाले?? हा इतिहास नाही, ही परीकथा आहे.

खडूस काका

लेख चांगला आहे पण रंगवायच्या नादात गणित सुटलंय. १८० गुणिले १७० किती? ३०,६००. हेरोडोटस एके ठिकाणी अथेन्सचे नागरिकच ३०,००० म्हणतो. मग म्हातारे, आजारी, हॉप्लाइट (ढाल-भालावालं पायदळ) सगळे वजा करून थीट उरले किती? तेव्हा सलामिसला जो हाती लागेल तो बसवला होता. त्याआधी आर्टेमिसियमच्या समुद्री लढाईत तर प्लॅटिया गावचे लोक अथेन्सच्या जहाजांवर होते ज्यांना समुद्राची ओळखसुद्धा नव्हती. पुढच्या काळातही भाड्याचे परदेशी वल्हेकरी, अथेन्समध्ये राहणारे पण नागरिक नसलेले मेटिक, आणि मालकाबरोबर आलेले गुलामही असायचे.

दुसरं म्हणजे लोकशाहीचा पाया क्लाइस्थेनिसने ५०८ मध्ये घातला. तेव्हा आरमार कुठे होतं? मॅरेथॉन ४९०, तिथे पण पायदळ. त्यामुळे 'वल्ह्यातून लोकशाही' हे वाक्य ऐकायला झक्कास आहे, तारखा जुळत नाहीत.

अर्धा कप चहा

काका, गणित मान्य, कान पकडतो. पण तारखांचं असं बघा. क्लाइस्थेनिसने सभा दिली, पण वरची पदं पैसेवाल्यांकडेच राहिली आणि अरिओपागस या जुन्या उमरावी मंडळावरची खोडं तशीच बसून होती. त्यांचे अधिकार एफिआल्टीसने काढले ४६२ मध्ये, आणि योगायोग बघा, त्याच सुमाराला सेनापती किमोन हजारो हॉप्लाइट घेऊन स्पार्टाच्या मदतीला गेला होता, म्हणजे ढालभालावाले गावाबाहेर आणि वल्हेवाले गावात. मग पेरिक्लिसने न्यायसभेत बसायला रोजचे पैसे सुरू केले, म्हणजे मजुराला दिवस बुडवून बसणं परवडायला लागलं. पाया आधीचा आहे, वरचे मजले आरमाराच्या काळातले, असं म्हणू का?

खडूस काका

असं म्हटलंत तर माझी हरकत नाही. फक्त थीटांना आर्खोन हे वरचं अधिकारपद कायद्याने कधीच दिलं गेलं नाही हेही लिहा.

दर्याकिनारी

धागा वाचून राहवलं नाही म्हणून बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. आमचं घर हर्णैकडचं, आजोबा तांडेल होते, त्यामुळे होडी म्हणजे काय ते अंगाने माहिती आहे. एक गोष्ट कुणी लिहिली नाही ती म्हणजे लाकूड. लाकडी होडी पाण्यात ठेवून दिली की ती पाणी पिते, जड होते, वर किडा लागतो तो वेगळाच. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावर परत दर्यात. ट्रायरीम तर पातळ फळ्यांची, वजन कमी ठेवायचं म्हणून. त्यामुळे पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, त्यांच्यासाठी दगडी घसरगुंड्या असलेल्या लांबच्या लांब शेड बांधल्या होत्या, झेआच्या बंदरात त्यांचे अवशेष अजून आहेत. जहाज मागच्या बाजूने वर ओढून घ्यायचं आणि वाळवायचं. पुढे सिसिलीत सिराक्यूसच्या वेढ्यात हेच नडलं, अथेन्सचा सेनापती निकियास याने घरी पत्र लिहिलंय की जहाजं पाण्यात राहून राहून कुजली, वाळवायला वर काढता येत नाहीत कारण शत्रू समोर टपून बसलाय.

आणि चहाभाऊ, वल्हवण्याबद्दल. ताकद सगळे लावतात हो, अवघड असतो तो ताल. चार माणसांच्या होडीत एकाने ताल चुकवला तर दुसऱ्याच्या पाठीत वल्हं बसतं, इथे १७०! म्हणून त्यांच्याकडे बासरीसारखं वाद्य वाजवणारा एक माणूस खास तालासाठी असायचा. १९८७ मध्ये ग्रीसने 'ऑलिंपियास' नावाची ट्रायरीम नव्याने बांधली, हौशी लोकांना बसवून चाचण्या घेतल्या, त्यात सगळ्यांचा पहिला शोध हाच की खालच्याला बाहेरचं काही दिसत नाही, वरच्याचा आवाज खालपर्यंत पोचत नाही. थोडा वेळ जोर मारून ती ९ नॉटच्या आसपास गेली होती.

सदाफुली

दर्याकिनारी, फार सुंदर प्रतिसाद.

पण अर्धा कप चहा, तुमच्या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात एक शब्द आलाय आणि तुम्ही त्याच्यावरून उडी मारून पुढे गेलात. चांदी. ती चांदी खणली कुणी? लॉरिऑनच्या खाणीत काम करायचे ते गुलाम, रांगत जावं लागेल एवढ्या बोगद्यांतून, तेलाचा दिवा ठेवायला भिंतीत कोनाडा, बस. वर ज्या निकियासचं पत्र आलंय ना, कुजलेल्या जहाजांबद्दल हळहळणारा, त्याचेच १००० गुलाम या खाणीत भाड्याने लावलेले होते, डोक्यामागे दिवसाला एक ओबोल (द्राख्माचा सहावा भाग), हे झेनोफोन हा लेखक सांगतो. आणि तेवढेच गुलाम कायम भरून देण्याची अट भाडेकरूवर, म्हणजे मेला तर नवीन आण. ४१३ मध्ये, स्पार्टाशी युद्ध चालू असताना, स्पार्टाने अथेन्सजवळच्या डेकेलियाला ठाणं मांडलं तेव्हा अथेन्सचे २०,००० हून जास्त गुलाम पळाले, थुसिडिडीसनेच लिहिलंय, तुमच्या लोकलमधल्या पुस्तकात.

त्यामुळे वल्हेकऱ्याच्या घट्ट्यांचं कौतुक जरूर करा पण त्याच्या पगाराच्या चांदीच्या नाण्यावरचं घुबड कुठून आलं तेही बघा. बायकांचं तर सोडूनच द्या, त्या सगळ्या गोष्टीत एकच बाई दिसते आणि ती पण शत्रूच्या बाजूने.

बोरकूट

कोण बाई? सांगा सांगा.

सदाफुली

आर्टेमिसिया, हालिकार्नाससची राणी. झर्क्सिसकडून लढत होती, पाच जहाजं घेऊन. सलामिसला लढूच नका असं तिनेच सांगितलं होतं, ऐकलं नाही. लढाईत अथेन्सचं जहाज तिच्या मागे लागलं, पुढे वाट नाही, तर तिने सरळ आपल्याच बाजूच्या एका जहाजाला धडक देऊन बुडवलं! मागच्याला वाटलं ही आपल्यातलीच दिसते, त्याने नाद सोडला. आणि टेकडीवरून बघणाऱ्या झर्क्सिसला वाटलं की बाईने शत्रूचं जहाज बुडवलं. माझे पुरुष बायका झाले आणि बायका पुरुष, असं तो म्हणाला म्हणे. बुडालेल्या जहाजावरचा एकही माणूस तक्रार करायला वाचला नाही, हे हेरोडोटस अगदी चवीने नमूद करतो.

बोरकूट

__/\__ ही बाई आमच्या सोसायटीच्या कमिटीवर पाहिजे.

अर्धा कप चहा

सदाफुलीताई, मुद्दा मनापासून मान्य. उडी मारली खरी. लिहिताना चांदी 'लागली' असं लिहिलं, जशी काय लॉटरी.

निळी शाई

थोडं अवांतर. प्लेटोचं मत कुणीच आणलं नाही अजून. म्हातारपणी लिहिलेल्या 'नियम' या संवादात त्याने चक्क म्हटलंय की मॅरेथॉन आणि प्लॅटियाच्या जमिनीवरच्या लढायांनी ग्रीकांना चांगलं बनवलं, सलामिस-आर्टेमिसियमने बिघडवलं. का, तर जहाजावरचा माणूस लढतो आणि पळतो, परत येतो, परत पळतो, पाय रोवून मरायला शिकत नाही. फॅलँक्समध्ये, म्हणजे पायदळाच्या घट्ट रांगेत, माझी ढाल माझ्या डाव्या हातावर, ती अर्धी मला आणि अर्धी डावीकडच्याला झाकते, मी पळालो तर तो मेला. त्यामुळे अख्खी रांग चालता चालता उजवीकडे सरकत जायची कारण प्रत्येकजण शेजाऱ्याच्या ढालीत घुसायला बघतोय, हे निरीक्षण परत थुसिडिडीसचं. या शिस्तीत प्लेटोला सद्गुण दिसतो, आणि वल्ह्याच्या तालात दिसत नाही, हे मला तरी वर्गाचं राजकारण वाटतं. खांद्याला खांदा दोन्हीकडे आहे, फक्त एकीकडे ढाल विकत घेऊ शकणारे लोक आहेत.

एस्किलसचं पण तसंच. एवढा मोठा नाटककार, सलामिसवर 'पर्शियन' नावाचं नाटक लिहिलं, ४७२ मध्ये त्याचा खर्च कुणी केला तर तरुण पेरिक्लिसने, पण थडग्यावरच्या ओळींत नाटकांचा उल्लेख नाही, सलामिसचा नाही, मॅरेथॉनला लढलो एवढंच.

आणि अवांतराचं अवांतर. हे ग्रीक आपल्याला अगदी परके नाहीत. इओनिया या ग्रीकांच्या प्रदेशावरून इराणी लोक त्यांना यौन म्हणायचे, आपण यवन. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिलेत, तसं खांबांवर कोरलेलंच आहे, जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची दानं आहेत. अर्थात हे सगळं सलामिसनंतर काही शतकांनी, उगीच कुणी 'ट्रायरीम कल्याण बंदरात आली होती' असं व्हॉट्सॲपवर ढकलू नका.

खडूस काका

शेवटच्या वाक्याला +१००.

दर्याकिनारी

प्लेटो कधी वल्ह्यावर बसला नसणार.

अर्धा कप चहा

निळी शाई, वर्गाचा मुद्दा अगदी पटला आणि त्यावरून ४११ ची गोष्ट सांगायलाच पाहिजे. स्पार्टाशी युद्धात सिसिलीची मोहीम बुडाली, पैसा संपला, शहरात चारशे जणांनी सत्ता बळकावली, लोकशाही बंद. पण आरमार तेव्हा लांब सामोस बेटावर होतं. खलाशांना बातमी कळली तर त्यांनी काय करावं, तिथेच सभा भरवली, संशयित सेनापती काढले, नवीन निवडले आणि जाहीर केलं की शहराने आमच्याविरुद्ध बंड केलंय! म्हणजे शहर आम्ही आहोत, ते मागे भिंतीत उरलेत ते बंडखोर. काही महिन्यांत चारशे जण गडगडले. जमिनीवरची लोकशाही मेलेली आणि ती जहाजांवर जिवंत राहिलेली, असं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

सदाफुली

हे भारी आहे. पण याच लोकांनी आर्गिनुसाईनंतर काय केलं तेही लिहा, नाहीतर मी लिहिते.

अर्धा कप चहा

तुम्हीच लिहा, तुमचा हात चांगला चाललाय.

सदाफुली

बरं. ४०६. माणसं आणि पैसा दोन्ही संपलेलं. सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली आणि वल्ह्यावर बसेल त्याला स्वातंत्र्य देऊ म्हणून गुलामांना भरती केलं. आर्गिनुसाई बेटांजवळ जिंकले, दणदणीत जिंकले. पण अथेन्सची २५ जहाजं गेली आणि वादळ उठल्यामुळे पाण्यात पडलेली माणसं, मेलेली आणि जिवंत, कुणी उचलली नाहीत. वर तुम्ही १७० चा हिशोब केलाय ना, तो आता २५ ने गुणा. प्रत्येक गल्लीत कुणीतरी गेलेलं.

मग सभेने जिंकून आलेल्या आठ सेनापतींवर एकत्रच मतदान घ्यायचं ठरवलं, वेगवेगळा खटला नाही, जे कायद्याच्या सरळ विरुद्ध. त्या दिवशी सभा चालवणाऱ्या पन्नासांत चिठ्ठीने नंबर लागून सॉक्रेटिस होता. बाकीचे घाबरले, हा एकटा नाही म्हणाला. काही उपयोग झाला नाही. आठातले दोघे परतच आले नव्हते, सहाजण मारले, त्यात पेरिक्लिसचा मुलगा. आणि थोड्याच दिवसांत लोकांना पश्चात्ताप झाला, ज्यांनी आपल्याला फसवलं त्यांच्यावर खटले भरू म्हणाले.

खडूस काका

लोकशाही मन बदलू शकते हा गुण मिटिलीनीच्या वेळी कामी आला होता. ४२७ मध्ये क्लिऑन या पुढाऱ्याचं ऐकून ठराव केला की अथेन्सविरुद्ध बंड केलेल्या मिटिलीनी शहराचे सगळे पुरुष मारा, बायकामुलं विका. एक जहाज हुकूम घेऊन निघालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांना झोप लागली नाही म्हणून परत सभा, डिओडोटस बोलला, थोडक्या मतांनी ठराव फिरला आणि दुसरं जहाज सोडलं. पहिलं एक दिवस-रात्र पुढे. या वल्हेकऱ्यांनी वल्हवता वल्हवताच दारू-तेलात मळलेलं जवाचं पीठ खाल्लं, पाळीपाळीने झोपले, थांबलेच नाहीत. पहिलं जहाज अशा कामाला निघालंय म्हणून रमतगमत चाललं होतं. हुकूम वाचून दाखवला गेला आणि तेवढ्यात दुसरं पोचलं. मात्र बंडाचे म्होरके म्हणून हजारावर माणसं त्यानंतरही मारलीच, हे लोक सांगायचं विसरतात.

दर्याकिनारी

काका तुम्ही हे असं लिहिता आणि स्वतःला खडूस म्हणवता.

ते पीठ-दारू-तेल ऐकून एक आठवलं. ऑलिंपियासच्या चाचण्यांत कळलं की वल्हवणाऱ्याला तासाला लिटरभर पाणी लागतं. आता १७० माणसांचं दिवसाचं पाणी मोजा आणि त्या अरुंद जहाजात ते ठेवणार कुठे सांगा. म्हणून ट्रायरीमला रोज किनारा लागायचाच, जेवायला, पाणी भरायला, झोपायला. आणि अथेन्सचं आरमार शेवटी बुडालं ते यानेच. ४०५, इगोस्पोटामी, नुसता उघडा किनारा, बाजार नाही, गाव नाही. सेस्टोस दोनेक मैलांवर. रोज सकाळी स्पार्टाच्या लायसँडरसमोर रांग लावायची, तो येत नाही, परत यायचं आणि जेवण शोधत पांगायचं. पाचव्या दिवशी माणसं पांगलेली असताना तो आला. कोनॉन मोजकी जहाजं घेऊन निसटला, बाकीची वाळूवरच पकडली, काहींवर तर वल्ह्याला माणूसच नव्हता. तीन हजारांच्या आसपास अथेन्सवाले कैदी करून मारले. बातमी रात्री पिरेअसला पोचली आणि बंदर आणि शहर जोडणाऱ्या लांब भिंतींच्या कडेने रडणं माणसामाणसांतून शहरापर्यंत चढत गेलं, झेनोफोन म्हणतो त्या रात्री कुणी झोपलं नाही.

बोरकूट

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, खाली ठेवले.

आता मला कुणीतरी सांगा, त्या आर्गिनुसाईच्या गुलामांचं काय झालं? खरंच सोडलं की निवडणुकीआधीचं आश्वासन?

सदाफुली

खरंच सोडलं, नागरिकत्वही दिलं. पुढच्याच वर्षी ॲरिस्टोफेनिसचं 'बेडूक' रंगमंचावर आलं त्यात हे आहे. डायोनिसस देव आणि त्याचा गुलाम झांथिआस पाताळात निघालेत, वाटेत तळं लागतं, तिथला नावाडी कॅरॉन म्हणतो, ज्या गुलामाने ती लढाई मारली नाही त्याला मी होडीत घेत नाही. झांथिआस म्हणतो, काय करणार, तेव्हा माझे डोळे आले होते. मग जा तळ्याला वळसा घालून पळत. आणि होडीत बसलेल्या देवाला कॅरॉन वल्हं मारायला लावतो. देवाला येत नाही. बेडूक त्याला ताल देतात, ब्रेकेकेकेक्स कोआक्स कोआक्स, आणि देव बोंबलतोय की माझ्या बुडाला फोड आले.

दर्याकिनारी

उशी विसरला असणार.